फळीखालची फळी

आमच्या घराची माडी माझ्या आजोबांनी बांधली, आणि तिच्या जमिनीसाठी त्यांनी ऐनाच्या व फणसाच्या ज्या फळ्या घातल्या त्या बहुतेक घरच्याच डोंगरावरच्या झाडांच्या असल्यामुळे, त्यांच्या जाडीत, रुंदीत किंवा वळणात एकमेकींशी मेळ असावा असा आग्रह त्या काळी कोणी धरला नव्हता. संगमेश्वर तालुक्यातल्या जांभ्या चिऱ्यांच्या घरांतून अशा माड्या अजूनही पाहायला मिळतात : भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेल्या तुळया, त्यांवर आडव्या ठोकलेल्या फळ्या, आणि वरच्यांची जी जमीन तेच खालच्यांचे छत. वर कोणी चालू लागले की माजघरात बसलेल्याला ते पावलागणिक कळते. आणि फळ्यांच्या सांध्यांतून धूळ गळते तीही त्याच्याच पानात पडते.

माझी आत्या गेली सहा वर्षे त्या माजघरात खाटेवर आहे. तिची दृष्टी मंदावली आहे, परंतु वर कोण चालते आहे हे ती नुसत्या फळ्यांच्या कुरकुरीवरून सांगत असे. थोरला नातू जिन्याजवळची फळी ओलांडून उडी मारतो, तिची धाकटी भाची खिडकीपाशी रेंगाळते, मी पुस्तकांच्या कपाटाशी उभा राहून पाय बदलतो, असा सगळा तपशील तिच्यापाशी असे. मार्गशीर्षातल्या गीताजयंतीपासून सात दिवस आमच्या माडीवर ज्ञानेश्वरीचे पारायण होते. वाडीतली तीस-चाळीस माणसे येतात. आत्याला जिना चढता येईनासा झाला तेव्हापासून ती खालूनच ऐके, आणि कोण आले, कोण उशिरा आले, कोण मध्येच उठून गेले, याचा हिशेब संध्याकाळी मला देई.

परंतु त्या कुरकुरीमुळे वाचणाऱ्याचा आवाज मागे बसलेल्यांपर्यंत पोहोचेना, दोन फळ्यांचे खिळे वर येऊन एका म्हाताऱ्या बाईचे पाऊल रक्ताळले, आणि मग जुन्या जमिनीवर सागाची नवी जमीन घालावी असे मी ठरवले. पैशांची तजवीज झाली. मेस्त्री आले, त्यांनी अर्धा तास माडीवर अनवाणी फिरून पाहिले, दोन ठिकाणी उकिडवे बसून तळहात फिरवला, आणि अंदाज सांगितला : वरचे काम पाच दिवसांचे, खालचे तीन आठवड्यांचे.

हा हिशेब मला उलटा वाटला. जे दिसणार आहे त्याला पाच दिवस आणि जे झाकले जाणार आहे त्याला एकवीस, याचे प्रयोजन मी विचारले. मजुरीचा प्रश्न त्यात होता हेही खरे. मेस्त्री माझ्यापेक्षा दहा वर्षांनी वडील, बोलणे मोजके. ते म्हणाले, "मास्तर, वरची फळी खालचीच चाल चालते. तुम्ही म्हणत असाल तर उद्याच ठोकतो. पण मग पुढच्या पावसाळ्यानंतर मला बोलावू नका."

मी शाळेत संस्कृत शिकवण्यात नोकरीची सगळी वर्षे काढली, आणि फावल्या वेळी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यांची संगत धरली. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या ध्यानात आले की मेस्त्रींनी जो हिशेब मांडला तोच भाष्यकारांनीही मांडलेला आहे, आणि तो केवळ एका शब्दावर मांडलेला आहे.

ब्रह्मसूत्रांचा आरंभ 'अथ' या शब्दाने होतो. जैमिनींची मीमांसासूत्रे आणि पतंजलींची योगसूत्रे यांचाही त्याच शब्दाने होतो. योगसूत्रांवरील व्यासभाष्य सांगते की येथे 'अथ' म्हणजे अधिकार, म्हणजे विषयाचा आरंभ. शंकराचार्य ब्रह्मसूत्रांच्या बाबतीत हा अर्थ नाकारतात. त्यांच्या मते तेथे 'अथ' म्हणजे आनंतर्य, म्हणजे 'यानंतर'. आणि मग साहजिकच प्रश्न उभा राहतो की कशानंतर? पूर्वमीमांसेच्या 'अथ'ला वेदाध्ययनानंतर असे उत्तर मिळाले होते. रामानुजाचार्य म्हणतात, कर्माचा विचार पुरा झाल्यानंतर, कारण कर्माचे फळ अल्प आणि नाशिवंत आहे हे त्या विचारानेच कळते. शंकराचार्यांना तेही आवश्यक वाटत नाही. त्यांची अट वेगळी आणि अधिक कठोर आहे. नित्य काय आणि अनित्य काय यांचा विवेक, इहलोकीच्या व परलोकीच्या भोगांविषयी वैराग्य, शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान यांची संपत्ती, आणि मोक्षाची उत्कट इच्छा, या चार गोष्टी ज्याच्या ठायी सिद्ध झाल्या त्याने ब्रह्माची जिज्ञासा करावी. दोन अक्षरांच्या एका अव्ययाखाली जन्मभराची तयारी दडवून ठेवलेली आहे. वरचे काम पाच दिवसांचे, खालचे तीन आठवड्यांचे.

तयारी हवी याविषयी आचार्यांत मतभेद नाही. मला अनेक वर्षे सतावणारा प्रश्न पुढचा आहे : ज्ञान झाल्यावर त्या तयारीचे काय होते? शंकराचार्यांचे शिष्य सुरेश्वराचार्य यांनी नैष्कर्म्यसिद्धीत याचे जे उत्तर दिले आहे ते एका उपमेत आहे आणि अतिशय सुंदर आहे. कर्मे बुद्धीला शुद्ध करून तिला अंतर्मुख करतात, आणि एवढे कार्य साधले की पावसाळ्याच्या शेवटी मेघ मावळावेत तशी तीही मावळून जातात. कोकणात राहणाऱ्या माणसाला ही उपमा शिकवावी लागत नाही. चार महिने ज्या आभाळाने घराबाहेर पाऊल टाकू दिले नाही ते एका आठवड्यात असे निर्मळ होते की मेघ कधी होते की नव्हते याचीच शंका यावी. मात्र त्याच वेळी सगळी शेते पिकाने वाकलेली असतात. वर्गात हे सांगताना माझा कंठ भरून येत असे. साधना ही मागे टाकण्याची वस्तू आहे, पार गेल्यावर नाव डोक्यावर घेऊन कोणी चालत नाही, असे मी मुलांना सांगत आलो, आणि स्वतःही त्यावर विश्वास ठेवून होतो.

दसऱ्यानंतर मेस्त्रींनी काम सुरू केले, आणि तीन आठवडे मी जवळजवळ रोज माडीवर बसून होतो. माझा तो विश्वास तेथे सैल झाला.

पहिले दोन दिवस केवळ काढण्यात गेले. जाजमे गेली, चटया गेल्या, वडिलांच्या वेळी कोणीतरी सांध्यांवर मारलेल्या पत्र्याच्या पट्ट्या गेल्या. मग मेस्त्री आणि त्यांचा मुलगा गुडघ्यांवर बसून तळहाताने फळी-फळी चाचपू लागले, आणि जेथे खिळ्याचे डोके लागे तेथे खडूची खूण करू लागले. लोहाराने घडवलेले ते चौकोनी खिळे होते. काही गंजून फुगलेले, काही वाकून फळीतच आडवे झालेले. जंबुऱ्याने एक खिळा काढायला कधी एक क्षण लागे, कधी पाव घटका. एका कोपऱ्यात तर एकाच हातभर जागेत अकरा खिळे निघाले. तेथली फळी हलत होती, म्हणून ज्याला ज्याला ती हलताना दिसली त्याने त्याने येऊन एक खिळा ठोकला होता.

फळी का वाजते हे मला त्या वेळी प्रथम कळले. फळी तुळईवर घट्ट बसलेली नसली की पाऊल पडताच केसभर खाली जाते, पाऊल उचलताच वर येते, आणि त्या जाण्यायेण्यात खिळ्याच्या अंगाला घासते. खिळ्याचे भोक त्यामुळे रुंद होत जाते, आणि रुंद झालेल्या भोकात तोच खिळा पुन्हा ठोकला तर तो चार दिवस गप्प राहतो आणि पाचव्या दिवशी बोलू लागतो. मेस्त्रींनी प्रत्येक वाजणारी फळी जुन्या भोकापासून दूर, नव्या लाकडात, स्क्रूने तुळईशी आवळली. जेथे फळी आणि तुळई यांच्यात पोकळी होती तेथे सरस लावलेली पातळ पाचर सरकवली. पाचर सरकवताना ते हातोडी फार हलकी चालवत. जोराने ठोकली तर ती फळीलाच उचलते आणि जो दोष काढायचा तोच दुसऱ्या टोकाला उभा राहतो.

येथे मला माझे संकल्प आठवले. सकाळी लवकर उठण्याचा, क्रोध आवरण्याचा, कोणाविषयी मागे वाईट न बोलण्याचा संकल्प मी दर चातुर्मासाला केला आहे, तोच संकल्प, त्याच शब्दांत, मनाच्या त्याच झिजलेल्या जागी. आणि तो टिकला नाही की अधिक जोराने केला आहे. वेदान्तग्रंथ चित्ताचे जे तीन दोष सांगतात त्यांत मळ वेगळा, विक्षेप वेगळा आणि आवरण वेगळे मानले आहे. मळ कर्माने जातो, विक्षेप उपासनेने, आवरण ज्ञानाने. हा भेद मी पाठ करून घेत असे. पण विक्षेप म्हणजे खाली आधार नसल्यामुळे हलणारी फळी आहे, आणि तिच्यावर आणखी एक निश्चय ठोकून ती स्थिर होत नाही, खालची पोकळी आधी भरावी लागते, हे मला त्या अकरा खिळ्यांनी शिकवले.

यानंतर मेस्त्रींनी सूत धरले. सुतार हा शब्द सूत्रधारापासून आला हे मी जन्मभर सांगत आलो होतो, पण दोन भिंतींमध्ये ताणलेल्या त्या दोऱ्याकडे पाहताना तो शब्द मला नवा भेटला. ब्रह्मसूत्रकार बादरायणांनी आणि पतंजलींनी ज्याला सूत्र म्हटले ते हेच असले पाहिजे : ज्याच्याशी ताडून पाहिल्यावाचून वाकडेपण दिसत नाही असा एक ताठ धागा. दोऱ्यापाठोपाठ सहा फूट लांबीची सरळ पट्टी आली, आणि ती पट्टी जमिनीवर उभी-आडवी-तिरपी ठेवून तिच्याखाली कोठे फट दिसते ते मेस्त्री वाकून पाहू लागले. सहा फुटांत एक सूत, म्हणजे अष्टमांश इंच, एवढी फट चालते. त्याहून अधिक असेल तर उंचवटा रंध्याने उतरवायचा किंवा खळगा भरायचा. खळगे पूर्वीही कोणीतरी भुसा आणि सरस कालवून भरले होते. ते भरण दिसायला बेमालूम होते, पण पटाशीचे टोक लागताच खपल्या-खपल्यांनी निघाले, कारण पायाखाली रोज दबणाऱ्या जागी भुगा टिकत नाही. मेस्त्रींनी तेथे फणसाच्याच चिपा तासून बसवल्या.

पाणसळ लावली तेव्हा निघाले की सगळी माडीच एका अंगाला अर्धा-पाऊण इंच उतरलेली आहे. मी घाबरलो, आता हे सगळे उचलावे लागणार अशी माझी समजूत झाली. मेस्त्रींनी पाणसळ पिशवीत टाकली. "घर शंभर वर्षं बसतंय, तेवढं कलणारच. उतार चालतो मास्तर, उंचवटा चालत नाही. नव्या फळीला सपाटी लागते, पातळी नाही लागत."

या एका वाक्यावर मी पुढे किती दिवस विचार करीत राहिलो ते सांगता येणार नाही. आपण चित्तशुद्धी म्हणून जे मागतो त्यात या दोन गोष्टींची सरमिसळ किती भयंकर रीतीने झालेली आहे! प्रत्येक माणसाचा एक उतार असतो. कोणी जन्मतःच भित्रा, कोणी तापट, कोणी उदास वृत्तीचा. प्रकृती म्हणा, प्रारब्ध म्हणा, घर ज्या मातीवर उभे आहे तिच्याबरोबर ते कललेले असते. तो उतार काढून टाकल्याशिवाय आपण भगवंताच्या नावाला पात्र होणार नाही अशा समजुतीने आयुष्यभर स्वतःच्या स्वभावाशी झगडत राहिलेली आणि अखेर निराश झालेली भली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना कोणी तरी सांगायला हवे होते की उतार चालतो. गीतेनेही प्राण्यांना आपल्या प्रकृतीप्रमाणे चालताना पाहिले आहे आणि तेथे निग्रह काय करणार असे विचारले आहे. वाईट असतो तो उंचवटा, ज्यावर वरची फळी तरंगते आणि दोन्ही बाजूंना पोकळ राहते. अहंकाराचा एखादाच, पण अढळ असा, उंच भाग.

आणि गुळगुळीतपणाचे तर काहीच काम नव्हते. आजोबांच्या वेळच्या वाकसाच्या खुणा, तेलाचे डाग, कोण्या मुलाने चाकूने कोरलेले नाव, हे सारे मेस्त्रींनी तसेच ठेवले. मी म्हणालो, एकदा रंधा मारून घेऊ. ते म्हणाले, "जाडी कशाला घालवायची? आणि खरबरीत अंग सरस धरतं. गुळगुळीत अंगावरून तो सुटतो." जमीन घट्ट हवी, सपाट हवी, कोरडी हवी, एवढे झाले की ती तयार झाली. तिने सुंदर असावे ही अपेक्षा तिला खालचीच राहू द्यायची नाही, वरची करायची, अशा मोहातून येते. ज्या साधकांनी आपल्या अंतःकरणाला पॉलिश करण्यात आयुष्य घालवले आणि त्यावर कधी काही अंथरलेच नाही, त्यांची चूक मला वाटते हीच होती.

सडणे मात्र वेगळे. वायव्येच्या कोपऱ्यात मेस्त्रींनी आरीचे टोक फळीत दाबले तेव्हा ते लोण्यात जावे तसे गेले. सगळ्या माडीत जी फळी सर्वांत देखणी, पावलांनी झिजून काळ्या पाषाणासारखी झालेली, जिच्यावर पारायणाचे व्यासपीठ मांडले जाई, तीच आतून गेलेली होती. सेहेचाळीस फळ्यांपैकी अशा तीन निघाल्या. त्या काढण्याआधी मेस्त्रींनी मुलाला छपरावर चढवले. तेथे दोन मंगळुरी कौले सरकलेली होती आणि वाशावरून पाणी गेली कित्येक वर्षे त्याच जागी उतरत होते. कौले बसल्याशिवाय नव्या फळीला त्यांनी हात लावला नाही.

याउलट जिन्याच्या तोंडाशी एक ओबडधोबड फळी होती, जुन्या भोकांनी भरलेली, जिचा रंग आणि पोत इतर कोणत्याही फळीशी जुळत नव्हता. आजोबांनी ती जयगडच्या बंदरात मोडीत निघालेल्या एका मचव्याची आणली होती असे घरात सांगत. लाकूड कोणते हे मेस्त्रींनाही ओळखता आले नाही. तिच्यात आरी शिरली नाही, ठोकून पाहिल्यावर तिचा आवाज खणखणीत आला, आणि मेस्त्री म्हणाले, "ही आणखी शंभर वर्षं जाईल." तिचे झाड कोठले, ती कोणाच्या पायाखालून आली, हे त्यांनी विचारले नाही.

आमच्या शास्त्रांनी हे विचारले; आणि येथे मला लपवाछपवी करायची नाही. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात अपशूद्राधिकरण म्हणून जे प्रकरण आहे त्यात शूद्राला वेदपूर्वक ब्रह्मविद्येचा अधिकार नाही असा निर्णय दिलेला आहे, आणि ज्या शंकराचार्यांनी विवेक, वैराग्य, शम, दम यांच्यावाचून दुसरी कोणतीही अट 'अथ'च्या मागे ठेवली नव्हती त्यांनीच तेथे जन्माची अट मान्य केली आहे. त्यांनाही विदुर आणि धर्मव्याध यांची आठवण टाळता आली नाही. मिथिलेत मांस विकणाऱ्या त्या धर्मव्याधाला झालेले ज्ञान नाकारता येत नव्हते, म्हणून पूर्वजन्मीच्या संस्काराचा दाखला द्यावा लागला, आणि इतिहासपुराणांचे श्रवण चारही वर्णांना मोकळे ठेवावे लागले. ज्या आचार्यांच्या बुद्धीपुढे मी रोज नमस्कार करतो त्यांच्याशी येथे माझे मन जुळत नाही, आणि ते जुळावे असा प्रयत्नही मी आता करीत नाही. अधिकार हाताने चाचपून पाहण्याची वस्तू आहे, दप्तरात पाहण्याची नव्हे. चोखोबांना देवळाच्या आत जाण्याची सनद कोणी दिली नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून ते गेले, असे परंपरा सांगते, आणि पंढरपुरात त्यांची समाधी महाद्वारी, नामदेवांच्या पायरीसमोर आहे. त्यांच्या पाठीमागून येणाऱ्यांसाठी ते महाद्वार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणाला लावावे लागले. फळीची परीक्षा तिच्या झाडावरून करणाऱ्यांनी किती शतके सडलेल्या लाकडावर व्यासपीठ मांडले, हा विचार मला त्या काढून ठेवलेल्या देखण्या फळीकडे पाहताना सारखा येत होता.

खाली हे चालले असता नव्या सागाच्या फळ्या माडीच्याच दुसऱ्या खणात, मधे पातळ पट्ट्या घालून, रचून ठेवल्या होत्या. लाकूड हवेशी सतत देवघेव करते. दमट हवेत ते पाणी घेते आणि रुंदीने फुगते, कोरड्या हवेत सोडते आणि आकसते, लांबीत मात्र जवळजवळ फरक पडत नाही. म्हणून ज्या खोलीत ते बसायचे तिच्या हवेशी त्याची आधी ओळख व्हावी लागते. पावसाळ्यात ठोकले तर वैशाखात फटी पडतील, वैशाखात ठोकले तर श्रावणात फळ्या एकमेकींना रेटून वर उठतील. हा काळ मधला, म्हणून बरा. आणि तेवढ्यानेही न भागवता मेस्त्रींनी चारही भिंतींलगत अर्धा इंच जागा मोकळी सोडली. वाढायला ठेवलेली ती जागा वरून पट्टीने झाकली जाते, पण असावी लागते. जे नियम माणसाला त्याच्या ऋतूंप्रमाणे थोडे फुगायला आणि थोडे आकसायला जागा ठेवत नाहीत ते पहिल्या पावसात उखडतात, एवढेच येथे म्हणतो.

अखेरच्या पाच दिवसांत नव्या फळ्या जुन्यांच्या काटकोनात पडत गेल्या, एकेक नवी फळी अनेक जुन्या फळ्यांवर टेकत गेली, आणि पहिली ओळ बसल्यावर मी सुरेश्वराचार्यांची उपमा मनात म्हणून पाहिली. ती जुळेना. मेघ मावळतात हे खरे. पण येथे काहीच मावळले नव्हते. ऐन आणि फणस, आजोबांच्या वाकसाच्या खुणा, मचव्याची ती बेवारस फळी, सारे जेथल्या तेथे होते, आणि आता तर त्यांच्यावर अधिक भार होता. आपण ज्याला ज्ञान म्हणतो ते सिद्ध झाल्यावर शम आणि दम, तितिक्षा आणि श्रद्धा ही कृतार्थ होऊन निघून जात असतील, तर ते ज्ञान टेकते कशावर?

मोक्ष कर्माने उत्पन्न होत नाही हा आचार्यांचा सिद्धान्त मी सोडलेला नाही. जे उत्पन्न होते ते नष्टही होते. मोक्ष उत्पाद्य नाही, प्राप्य नाही, संस्कार्य नाही, विकार्यही नाही, ही त्यांची मांडणी मला अभेद्य वाटते. खालची फळीही वरच्या फळीला उत्पन्न करीत नाही. साग साग आहे, तो ऐनातून उगवलेला नाही. पण उत्पन्न करणे आणि धारण करणे यांत जे अंतर आहे त्या अंतरात, मला वाटते, चित्तशुद्धीचे खरे स्थान आहे. कर्मे मावळोत, त्यांनी जे घट्ट केले ते मावळत नाही. आणि गीतेच्या तेराव्या अध्यायाने हे केव्हाच मान्य केलेले आहे. तेथे अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षमा, आर्जव यांपासून पाच श्लोकांत सुमारे वीस लक्षणे सांगून भगवंतांनी त्या सर्वांना ज्ञानाची पूर्वतयारी असे म्हटले नाही. ज्ञान असेच म्हटले आहे. भाष्यकार सांगतात की साधनाला साध्याचे नाव दिले आहे. माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगताना या वीस लक्षणांपाशी इतका मुक्काम केला आहे, एकेका लक्षणाला दृष्टान्तावर दृष्टान्त देत ते इतके रमले आहेत, की केवळ साधनापाशी कोणी असे थांबत नाही. पायरीवर माणूस घर बांधत नाही, जमिनीवर बांधतो. व्यासभाष्यातला 'अथ' म्हणजे आरंभ आणि शंकरभाष्यातला 'अथ' म्हणजे नंतर, हे दोन अर्थ मी एवढी वर्षे विरोधी म्हणून शिकवले. मेस्त्रींनी पहिल्या दिवशी पहिला खिळा उपसला तेव्हा नव्या जमिनीचे काम सुरू झाले होते की व्हायचे होते, असे आज मला कोणी विचारले तर दोन अर्थांपैकी एकाची निवड करणे मला जमणार नाही.

गीताजयंतीला पारायण बसले. माणसे नेहमीपेक्षा अधिक आली. वाडीत नव्या जमिनीची वार्ता झाली होती. पहिला अध्याय संपल्यावर आत्याला तीर्थ-प्रसाद द्यायला मी खाली आलो. ती खाटेवर उठून बसली होती, मान वर करून, छताकडे कान लावून. त्या छतावर जुन्याच फळ्या होत्या. तीन तेवढ्या नव्या, फिकट रंगाच्या. तिच्या पांघरुणावर धुळीचा एक कण नव्हता.

"अरे, उशीर झाला का आज?" तिने विचारले. "तुझा आवाज ऐकू येतोय, शब्द न् शब्द लागतोय. पण माणसं नाही आली?"

"सगळी आली आहेत, आत्या. पन्नासएक असतील."

तिने पुन्हा वर पाहिले. वर कोणीतरी खिडकीपासून जिन्यापर्यंत चालत गेले असावे, कारण जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल वाजले.

"मग मला कळलं कसं नाही?" ती म्हणाली, आणि प्रसादासाठी पुढे केलेला हात तिने तसाच धरून ठेवला. "बस इथं. एकेकाचं नाव सांग."